‘येते’चं इंग्रजी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळात मी आईवेडा म्हणून ओळखला जातो — आईच्या ग्रीन कार्डसाठी जंग जंग पछाडणारा मुलगा. लोक आपापल्या पोरांना माझं उदाहरण देतात. मी देऊ देतो. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं पुरे असेल.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. कार्ड मीच काढून दिलं होतं, हौसेने. पण प्लेनोत गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात कोंडला जातो. बायको दीपा आणि मी कामावर, मुलगी शाळेत, आणि आई दिवसभर एकटी. तक्रार तिची काहीच नव्हती — तेच तर! संध्याकाळी मी आत पाऊल टाकलं की दिवसभराचं साठलेलं सगळं ती माझ्यापुढे मांडायची. खिडकीशी कुठला पक्षी आला, कुठला डबा रिकामा झाला, सांगलीत कुणाचं काय चाललंय. प्रेमाने बोलायची हो. आणि मी? गॅरेजमध्ये गाडी बंद करून तसाच बसून राहायचो. ती आत वाट पाहतेय हे माहीत असून. तिच्याशी बोलणं आणखी थोडं टळावं, म्हणून. लिहितानाही लाज वाटते.

मग सांगलीच्या मावशीला अर्धांगवायू झाला. मावशीला मूलबाळ नाही, करणारं कुणी नाही. आई तीन महिन्यांसाठी म्हणून गेली ती दोन वर्षं अडकली. मावशी गेली, दिवसकार्य उरकलं, आणि मी आईला आणायला गेलो. कार्डवाला माणूस इतके दिवस बाहेर राहिला की विमानतळावर अडवतात, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी जाण्याआधीच परत येण्याचा परवाना काढून ठेवता येतो; तोही मी काढला नव्हता. तो आळस होता. पुढचं मात्र आळसाने झालं नाही.

अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरच आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. अधिकारी वयस्कर होता, बोलायला सौम्य. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी दुभाषा झालो. सगळं अवलंबून होतं ते एकाच प्रश्नावर — निघताना परत इथेच राहायला यायचं यांच्या मनात होतं का? मी आईला मराठीत विचारलं. ती हसलीच.

“अरे, हा काय प्रश्न झाला? ‘येते’ म्हणूनच निघाले होते ना मी? ‘जाते’ म्हणाले असते का?”

तुम्ही मराठी आहात. तुम्हाला वेगळं सांगायला नको. उंबरा ओलांडताना आपलं माणूस ‘जाते’ म्हणत नाही. परतायचंय, म्हणून ‘येते’ म्हणतं. याहून स्वच्छ उत्तर कुठलं असणार?

मी त्याला म्हणालो, “शी सेज शी कम्स. टू व्हिजिट अस.”

शब्दाला शब्द लावला तर निम्मं बरोबरच — असं मी पुढे स्वतःला किती दिवस समजावलं! पण माझी चूक झाली नव्हती. मला गॅरेज आठवलं होतं.

त्याने खात्री करून घेतली: फक्त भेटायला? मी ‘येस’ म्हणालो. आई शेजारी मान डोलावत होती, पोरगा किती फाडफाड बोलतो म्हणून. मग तो म्हणाला, यांना कार्ड सोडायचं नसेल तर जजसमोर बाजू मांडता येईल, तो यांचा हक्क आहे. हे मी आईला सांगितलंच नाही. एवढंच म्हणालो, कार्ड परत द्यावं लागतंय, इथे सही कर. तिने केली — मराठीत, सावकाश. वर मलाच म्हणाली, “होऊ दे रे. तू नको वाईट वाटून घेऊ.”

पाहुणी म्हणून काही आठवडे राहिली आणि सांगलीला परतली. जाताना फक्त विचारलं, पुन्हा अर्ज करता येतो ना? मी म्हणालो, लगेच करतो.

मग दर रविवारी फोनवर तेच — “अर्जाचं काय रे?” माझं उत्तर ठरलेलं: सरकारी काम आणि सहा महिने थांब. दीपालाही मी हेच सांगत होतो. दरम्यान आईचा मोतीबिंदू वाढत चालला होता. डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणत होते, ती तयार होईना. “ऐन वेळी तिकडनं बोलावणं आलं आणि माझ्या डोळ्याला पट्टी असली तर?” तेव्हा तरी एक वाक्य खरं बोलता आलं नसतं का मला? मी म्हणालो, “बरं, बघ तुझ्या सोयीने.”

गेल्या वर्षी मागच्या दारची पायरी तिला दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळली, आणि मी विमानात असतानाच गेली.

दहाव्याला शेजारच्या शकूकाकू माझा हात धरून रडल्या. “शेवटपर्यंत एकच धोशा रे तिचा — पोरगं तिकडं सरकारशी भांडतंय माझ्यापायी.” मी मान खाली घातली. लोकांनी पाठीवरून हात फिरवला.

मी कुणाशीच भांडत नव्हतो. आईचा अर्ज मी कधी केलाच नव्हता.