तिने लिहिलेलं

मी लहान मुलांचे बोलण्यातले दोष सुधारते. काल माझ्याकडे येणारी एक मुलगी आतल्या खोलीत खेळत असताना तिची आई खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये मी हिच्याबद्दल लिहिलं होतं, ते कोणी वाचत नाही ना?"

एरवी मी सहज "छे हो" म्हटलं असतं. पण ज्या कंपनीच्या सर्व्हरवर माझी वेबसाइट आहे, तिचा मेल सकाळीच आला होता. जागा आमची असली, तरी तिथे साठलेल्या लोकांच्या माहितीची जबाबदारी तुमची, असं त्यात होतं. तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता. किती आयांनी विश्वासाने काय काय लिहिलंय तिथे!

तिच्यासमोरच मी कंपनीला फोन लावला. "तुम्ही आत्ता पुसून टाका," तिकडचा माणूस म्हणाला, "पण आमच्या बॅकअपमध्ये ते अजून काही दिवस राहील."

"तिथे ते कोण कोण बघू शकतं?"

"विचारून सांगतो, मॅडम."

मी तिच्यादेखत मजकूर पुसला आणि ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. बोललेलं हवेत विरून जातं, म्हणून तर माणूस मन मोकळं करायला धजावतो. लिहिलेलं मात्र आपल्या नकळत कुठेतरी राहून जातं.

"लोकांचं सोडा हो," ती म्हणाली. "चारचौघांत हिची लाज वाटते, असं लिहिलंय मी त्यात. मोठी झाल्यावर हिच्या हाती नाही ना लागणार?"

"नाही" म्हणण्याआधी मी कंपनीला पुन्हा फोन लावला, बॅकअपमधलं ते नेमकं कधी पुसलं जाईल ते विचारायला.