पाहुण्यांची यादी

आमच्या सोलापूरच्या शाळेत आम्हा नववीच्या मुलांना संशोधन शिकवायला आलेल्या त्या पाहुण्यांचं नाव मी विसरलो, रुमाल तेवढा लक्षात आहे. बोटाला खडू लागला की लगेच पुसायचे. "आधी प्रश्न पडला पाहिजे," असं फळ्यावर लिहून त्यांनी तयार विषयांची यादी वाटली.

एका मुलीला खरंच प्रश्न पडला होता. "सर, टाकी एकच हाय की. मग आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी आणि मागच्या गल्लीत तीन दिवसांनी का येतं? हे शोधू का?"

"बाळ, हा विषय नाही, ही तक्रार आहे."

तिने यादीतली जागतिक तापमानवाढ घेतली.

जाताना पाहुण्यांनी हात धुवायला नळ सोडला. थेंब नाही.

"पाणी का नाही?"

"यादीत बघून सांगतो, सर," मी म्हणालो.