काचेमागचे त्रिकोण

एकविसाव्या वर्षी मी फार शहाणी होते. इतकं शहाणपण पुन्हा कधी जमलं नाही.

अकोल्याला मास्तरकीचं शिकत असताना एकदा आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या घरी गेले होते. पांढऱ्या भिंतीवर एकच चित्र. एक लाल चौकोन, त्याच्या खांद्यावर काळा त्रिकोण, खाली कोपऱ्यात पिवळा गोल. मी विचारलं, "बाई, हे काय आहे?" बाई म्हणाल्या, "जे दिसतं तेच आहे." झालं, तेवढ्यावर मी पागल झाले. त्या दिवसापासून मोर, हरणं, घागर घेतलेल्या बाया, सगळं मला गावंढळ वाटायला लागलं. चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावावं आणि भोवती भिंत मोकळी सोडावी, हेही बाईंनी सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

लग्न होऊन कामरगावला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत लुगडी कमी आणि पट्टी, कंपास, रंगाच्या बाटल्या जास्त होत्या. नवरा शाळेत मास्तर. सासरे दिवसभर वावरात. सासूबाई घरी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांना उजेड कळायचा, अंधार कळायचा, माणूस मात्र आवाजावरून. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नाल्यात सोडले होते, त्यामुळे मातीच्या भिंती मोकळ्याच होत्या. समोर बुद्धाची मोठी तसबीर, आणि बाजूच्या भिंतीवर एक लहान फ्रेम. डोळ्यांच्या उंचीवर. भोवती रिकामी भिंत. नवी नवरी दागिन्यांवर डोळा ठेवते, मी त्या खिळ्यावर ठेवला.

फ्रेमच्या काचेमागे एक कागद होता. कसरीनं खाल्लेला, ओलीनं तपकिरी झालेला. निरखून पाहिलं तर खुर्चीचा एक पाय आणि माणसाचा एक पाय दिसायचा, बाकी सगळे डाग. इथं कुणाला तरी विचारायला हवं होतं. घरात तीन माणसं होती आणि तिघांनाही तोंड होतं. पण शहाण्या माणसानं काय म्हणून विचारावं?

तीन रविवार खपून मी पुठ्ठ्यावर चित्र काढलं. दोन त्रिकोण, तीन चौकोन आणि एक गोल. माप असं घेतलं की सुताचाही फरक पडू नये. एका सकाळी सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपटले, काचेमागे माझं चित्र बसवलं, कागद चुलीत सारला. तव्यावर भाकर होती. चांगली टम्म फुगली.

नवऱ्याला चार दिवस काही दिसलंच नाही. पाचव्या दिवशी पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्यानं गडू खाली ठेवला.

"यातला फोटो कुठी हाय?"

"कोणता फोटो? सडका कागद होता, टाकून दिला."

"कुठी टाकला?"

"चुलीत."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग कळलं ते असं. त्याचा मोठा भाऊ बाराव्या वर्षी पटकीनं गेला होता. त्याच्या आदल्या वर्षी कारंज्याच्या बाजारात फोटोवाल्यानं त्याला खुर्चीवर बसवून एक फोटो काढला होता. एवढा एकच. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मायले सांगू नोको," नवरा म्हणाला. "तिले कुठी दिसते आता?"

सासूबाई रोज सकाळी पदरानं ती काच पुसायच्या. मी समजत होते, बाई मोठ्या टापटिपीच्या. आता मी कान देऊन ऐकलं. त्या काचेपाशी तोंड नेऊन हळूच म्हणायच्या, "उठला कारे बापू?" माझ्या त्रिकोणांना म्हणायच्या. पुनवेला त्यांच्यापुढे मेणबत्ती लावायच्या, झेंडूचं फूल खोचायच्या. माझ्या कलेला असा मान मिळत होता आणि मी कुडाआड उभी राहून बोटं चावत होते.

शेजारची माळीणबाई वांग्यांची पाटी घेऊन यायची. एकदा तिची नजर वर गेली.

"हे काय टांगलं व मास्तरीन? फाटेल पतंग होय का?"

"हळू बोला ना."

"आन थो गोल? भाकर?"

आतून सासूबाई ओरडल्या, "काय म्हनते व ते?"

"काही नाही आत्याबाई, वांगे घ्याचे का म्हनते!" असं म्हणत मी माळीणबाईच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. पुढं महिनाभर तिनं मला किडकीच वांगी दिली.

मग कारंज्याला डोळ्यांचं शिबिर लागलं. मोतीबिंदू काढून देणार म्हणून सारं घर खूश. मी एकटी तेवढी सासूबाईंची काळजी करायला लागले.

"आत्याबाई, या वयात कायले चिरफाड? एखांदा डोया जाचा."

"जाचा काय व? हायेच कुठी?" त्या हसल्या. "माया पोराले एकडाव नजरभर पाहून घेतो. मंग गेला तं गेला."

घाबरून मी फ्रेम उतरवून ठेवली. दुसऱ्या सकाळी त्यांचा हात रिकाम्या भिंतीवर पडला. दोन्ही तळव्यांनी भिंत चाचपत त्या पार कोपऱ्यापर्यंत गेल्या. "अवं, माहा पोरगा कुठी गेला? कोनं नेला वं?" मी धावत जाऊन फ्रेम परत लावली. म्हटलं, पुसायला काढली होती. शिबिराला अजून आठ दिवस होते. रोज ठरवायची, भाकरी झाल्या की सांगू. आणि रोज त्या भाकरी खाऊन लवंडायच्या.

ऑपरेशन झालं. पुढे महिन्याभरानं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. नवरा त्यांना बसनं घेऊन आला. दारातच त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काईच हाय व तू. आवाजावरून तं गोरी वाटे." आम्ही तिघंही हसलो. मग त्या भिंतीकडे वळल्या.

जवळ गेल्या. काच पुसली. चष्मा काढून तो पुसला, पुन्हा लावला आणि काचेला नाक टेकवून पाहिलं.

"माहा पोरगा?"

मी एका दमात सगळं सांगितलं. कसर, डाग, चूल. शेवटी म्हटलं, "काहीच नव्हतं उरलं, आत्याबाई. एक पाय होता फक्त."

"पाय होता?"

"हो."

"मंग थो पाय ठेवाचा होता व."

नवरा बाहेर निघून गेला. सासूबाई तशाच उभ्या.

"कोनता पाय होता? उजवा का डावा?"

अर्ध्या सुताचा हिशेब ठेवणारी मी, पण ते मी पाहिलंच नव्हतं. "उजवा," म्हटलं.

"चप्पल होती पायात?"

त्यांना बरं वाटावं, एवढंच माझ्या मनात होतं. "होती ना. चांगली नवी दिसत होती."

त्या माझ्याकडे वळल्या. जाड भिंगांतून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते.

"त्याले चप्पल नोती व कधीच," त्या म्हणाल्या. "अनवानीच गेला थो."

चित्र मी त्याच दिवशी उतरवलं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, शेजारीपाजारी कधी वाच्यता केली नाही. माझ्या हातची भाकर खाल्ली, माझी लेकरं खेळवली. फक्त मी काहीही सांगितलं की त्या माझ्या नवऱ्याला विचारून घ्यायच्या. वरणात मीठ टाकलं की नाही, हेसुद्धा.