तक्रारींना मोरपंखी रंग

पाणी खात्यातल्या नकाशेवाल्याला सगळे रंगारी म्हणत. ब्रश त्याने आयुष्यात हातात धरला नव्हता. शहरातल्या कुठल्या भागातून गढूळ पाण्याच्या किती तक्रारी आल्या, ते आकडे घेऊन संगणकावर रंगीत नकाशा काढायचा, हे त्याचं काम. तयार रंगपट्ट्या ढिगाने मिळतात. बाकीचे त्यातलीच एखादी उचलून मोकळे होत. हा मात्र कोड लिहून स्वतःची पट्टी बनवायचा. सुरुवातीचा रंग द्यायचा, शेवटचा द्यायचा, कुठल्या आकड्याला कुठला ते सांगायचं; मधल्या छटा प्रोग्रॅम आपणहून मिसळतो. काम एवढंसं, पण त्यापायी हा जेवायचं विसरायचा. जांभळ्यात निळा चिमूटभर जास्त पडला, की भाजी खारट झाल्यासारखं तोंड करायचा.

यंदा त्याने तत्त्व ठरवलं. तक्रारी कमी तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणून राखाडी. जास्त तिथे नजर गेली पाहिजे, म्हणून मोरपंखी. तत्त्वात खोट नव्हती. पण मोरपंखी असा काही साधला, की बघणारा हरखून जावा. कुठला रंग म्हणजे काय, ते कोपऱ्यात लिहिलेलं होतंच. कोपरे कोण वाचतं?

मोठ्या साहेबांनी तरी वाचला नाही. बैठकीत नकाशातल्या मोरपंखी भागावर बोट ठेवून ते म्हणाले, "वा, हा भाग कुणाकडे?" त्या भागाचा इंजिनियर अंग चोरून उठला. साहेबांनी त्याला पुष्पगुच्छ दिला आणि पाइप बदलणारं पथक राखाडी भागात धाडलं, तिथे फार मरगळ दिसते म्हणून. टाळ्या पडल्या. आपल्या रंगाचं कौतुक चाललंय असं समजून रंगाऱ्यानेही हात लाल होईपर्यंत वाजवल्या. शहाणी माणसं हात दाखवून अवलक्षण करून घेतात ती अशी.

कारण हा राहायचा त्याच मोरपंखी भागात. त्याची बायको नळाला फडकं बांधून पाणी गाळत होती, ती पथकाच्याच आशेवर. यंदाचे पाइप दुसरीकडे संपले, की पुढच्या वर्षापर्यंत फडकंच.

"मग उद्या येणार ना पथक?" तिने विचारलं.

"दुसरीकडे गेलं," तो म्हणाला, आणि का तेही सांगून बसला.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे आपल्या घाणीला तुम्ही नटवलंत."

"अगं, मोरपंखी म्हणजे जास्त तक्रारी. कोपऱ्यात लिहिलंय."

"लग्नात मी मोरपंखी शालूच नेसले होते. त्याचाही अर्थ तोच का?"

"तेव्हा नव्हता."

तिने फडकं सोडलं, ग्लासभर पाणी धरलं आणि त्याच्यापुढे आदळलं. "हा रंग लावा."

त्याने ग्लास खिडकीशी नेला, फोटो काढला, संगणकावर त्यातून रंगाचा कोड उचलला. "वाईट नाहीये गं. तपकिरीत शेवाळी झाक..."

"कौतुक पुरे."

त्याला तो रंग जरासा खुलवायचा होता. पण ती हाताची घडी घालून मागे उभी होती. म्हणून चांगल्या भागांना फिकट निळा दिला आणि वाईट भागांना नळाचं पाणी जसंच्या तसं.

सकाळी साहेब चहाचा कप घेऊन नकाशासमोर थबकले. "रंगारी, हे काय लावलंत? चहा उतरेना घशाखाली."

"कालचाच आहे, साहेब. आकडे तेच."

"मग तो मोर कुठे उडाला?"

"तो मोर म्हणजे तक्रारी होत्या."

साहेबांनी प्रथमच कोपरा वाचला. बराच वेळ वाचला. "काल तर तुम्ही टाळ्या पिटत होतात."

"मला वाटलं, रंगाला आहेत."

ओरडावं, तर पुष्पगुच्छ स्वतःच दिलेला. साहेबांनी कप ठेवला आणि पथक परत बोलावलं. पुष्पगुच्छ परत मागायची वेळ आलीच नाही. इंजिनियरने तो हौसेने आपल्याच भागातल्या पाण्यात ठेवला होता. फुलांनी केव्हाच माना टाकल्या होत्या.

गल्ली खणली गेली, पाइप बदलले. पहिलं पाणी आलं तेव्हा बायकोने बादली भरली. रंगारी वाकला, डोळे बारीक केले.

"यात किंचित निळसर..."

"बादली निळी आहे," ती म्हणाली. "उचला."