मामीने पूजलेले कागद

मला समारंभ आवडत नाहीत. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो, तिथं सत्काराला निमित्त लागत नाही. कुणी रुजू झाला, कुणी निवृत्त झाला, कुणाला कुठल्या समितीवर घेतलं, की शाल आणि नारळ. शाली सगळ्या एकाच कपाटातून निघतात आणि महिन्याभरात त्याच कपाटात परत येतात, असा माझा जुना संशय आहे. म्हणून मुलगी डॉक्टर झाली आणि तिच्या पुण्याच्या कॉलेजकडून पदवीदानाचं निमंत्रण आलं, तेव्हा मी म्हणालो, "पदवी पोस्टानंही येते."

बायको म्हणाली, "मग तुम्ही पोस्टानं या. मी गाडीनं चालले."

सात जणांची गाडी ठरवली. आम्ही दोघंच असताना एवढी मोठी गाडी कशाला, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर चाकूरच्या फाट्यावर उभं होतं. बायकोचे मोठे भाऊ नवा फेटा पिशवीत घालून, हातात नारळ धरून, आणि त्यांच्या शेजारी आमच्या वहिनी, म्हणजे मुलीची मामी, उशीएवढी कापडी पिशवी छातीशी धरून.

"दाजी, पोरगी डाक्टर झाली अन् तुमचं तोंड आसं का? कोण गेलं?" मेहुणे गाडीत बसता बसता म्हणाले.

"त्यांचं तोंड जन्मापासून तसंच हाय," वहिनी म्हणाल्या. "लग्नातल्या फोटोत बगा."

वहिनींना नेणं भागच होतं. मुलगी दहावीनंतर दोन वर्षं लातूरला होती, क्लाससाठी. तिथलं मेसचं जेवण तिला सोसेना, म्हणून वहिनी रोज पहाटे उठून डबा करायच्या, मेहुणे तो चाकूरच्या स्टँडवर आणून लातूरच्या एसटीत कंडक्टरकडं द्यायचे, लातूरला मुलगी किंवा तिच्या हॉस्टेलचा वॉचमन तो उतरवून घ्यायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. आमच्या भागात शेकडो पोरं अशी एसटीच्या डब्यावर शिकलेली आहेत. दोन वर्षांत वहिनींचा एकही डबा चुकला नाही, त्यांची आई वारली त्या दिवशीसुद्धा. मेहुणे हे प्रत्येक लग्नात सांगतात.

लातूरमधून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासचे फलक लागले. रांगेनं मुलांचे चेहरे, खाली मार्क. पूर्वी राजे लोक जिंकलेल्या गावांची नावं दगडावर कोरत. आता क्लासवाले जिंकलेली मुलं फ्लेक्सवर छापतात. एवढं मी म्हणतोय तोवर मेहुणे म्हणाले, "आपल्या पोरीचा फोटो बी हितंच होता की. ह्या चौकात. वर्सभर."

होता. मला तो चांगला आठवतो. ती तेव्हा एवढी वाळली होती, की फलकवाल्यानं कॉम्प्युटरवर तिचे गाल भरून दिले होते. बायको त्या फलकाखाली उभी राहून म्हणाली होती, "गाल बरे दिसतायत." फलकावरची मुलगी आणि हॉस्टेलच्या बाकावर आमच्यासमोर बसलेली मुलगी यांतला फरक मला दिसला नव्हता, असं मी म्हणू शकत नाही.

पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या दारात पहिलं भांडण नारळावरून झालं. सभागृहात नारळ न्यायचा नाही, असा नियम होता.

"का? बाँब हाय का त्यो?" मेहुण्यांनी दारावरच्या वॉचमनला विचारलं.

"काका, आत अलाउड नाही."

"आरं, पोरीची वटी भरायची हाय, डोस्कं फोडायचं न्हाई कुणाचं."

वॉचमन हसला, पण हलला नाही. दुसरी अडचण अशी, की एका विद्यार्थ्यामागं दोनच पास होते. काळा झगा घातलेली मुलगी बाहेर आली. ती कुणाच्या पाया पडायला वाकली, की झग्याच्या बाह्या जमिनीला लागत. पास तिनं हातात धरले आणि कुणाकडं न बघता म्हणाली, "आई आणि मामी."

मेहुणे म्हणाले, "आन् बाप?"

"पप्पांना समारंभ आवडत नाहीत, मामा."

हे खरं होतं. माझंच वाक्य होतं.

वहिनी आत जाताना कापडी पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात देऊन गेल्या. "दाजी, ह्ये संबाळा. आत काढून घेतील मेले. पोरीची विद्या हाय त्यात. आज तिला द्यायची."

पास नसलेल्यांसाठी मैदानात मांडव घातला होता आणि मोठा पडदा लावला होता. नारळ मांडीवर घेऊन मेहुणे बसले, डबा मांडीवर घेऊन मी. पडद्यावर मिरवणूक सुरू झाली. सगळ्यात पुढं एक गृहस्थ चांदीची गदा घेऊन चालत होते. असल्या गदा कधीकाळी माणसं मारायला वापरत, आता नुसत्या मिरवतात, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे. मग पाहुण्यांचं भाषण झालं. तरुण डॉक्टरांनी खेड्यात जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषण लवकर आवरलं, कारण त्यांना विमान गाठायचं होतं.

"विद्या म्हणजे काय आहे हो यात?" मी डब्याकडं बोट दाखवून विचारलं.

"कागदं हायत. लातूरला होती तवाची," मेहुणे पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "रिकाम्या डब्यात यायची. झाकणाला चिकटलेली. तुमच्या वहिनीनं टाकली न्हाईत. तिला वाचाया येत न्हाई, पर लिवल्याला कागद पायाखाली येऊ नये म्हणती. देवापाशी ठिवली. दसऱ्याला पूजते. घरात दुसरं लिवल्यालं हाय काय, सात-बारा सोडून?"

"तुम्ही बघितली नाहीत?"

"बगितलं की एकदा. गणितं हायत. अभ्यासाचं काय कळतंय मला."

मी डबा उघडला. वहीच्या रफ पानांचे चौकोनी तुकडे, चार घड्या घातलेले, वरच्या काही घड्यांना हळद-कुंकू लागलेलं. पहिल्या कागदावर खरंच गणितं होती. बाणांची चित्रं, आकडे, खाडाखोड. मी वर्गात दरवर्षी एकदा तरी सांगतो, की हाती आलेला कागद उलटा करून पाहा, मागच्या बाजूला बऱ्याचदा जास्त इतिहास असतो. मी कागद उलटा केला.

"मामा, इथून फोन करू देत नाहीत, पप्पांना तुम्ही फोन करून सांगा मला न्यायला. रविवारी नको, आधी."

दुसरा. "मामी, डबा मी खात नाही, वॉचमनकाकांना देते. राग मानू नका. खाल्लं की उलटी होते."

"टेस्टच्या मार्कांवर बसवतात. मी आता शेवटच्या बाकावर. मागून फळा दिसत नाही."

"समोरच्या खोलीतली मुलगी आज घरी गेली. तिचे वडील आले होते. त्यांनी तिची गादी स्वतः उचलली."

"पप्पा आले होते रविवारी. काही म्हणाले नाहीत. त्यांनी वाचलं असेल तर एकदा सांगा."

मी किती वाचल्या ते मोजलं नाही. खालच्या चिठ्ठ्या लहान होत गेल्या होत्या. डब्याच्या तळाशी शेवटची होती, तिच्यावर मागंपुढं गणित नव्हतं. "आता लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे तर लिहून काय करायचं."

"दाजी! ती बगा, ती बगा!" मेहुणे ओरडले. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी पदवी घेऊन हसत होती.

"बगितली का?"

"हो," मी म्हणालो.

"रडायलाव का काय तुम्ही?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "रडा, रडा. बापाला येतंच."

मांडवात बसून मी बराच हिशेबी विचार केला. डबा हरवू शकत होता. पुण्यासारख्या शहरात, एवढ्या गर्दीत, एक स्टीलचा डबा हरवणं काही अवघड नव्हतं. किंवा नुसत्या तळाच्या पाच-सहा चिठ्ठ्या खिशात घालता आल्या असत्या. ती आठ वर्षं समजत होती, की आम्ही सगळं वाचलं आणि आलो नाही. उलट डबाच तिच्यासमोर ठेवून सांगता आलं असतं, की आमच्यापर्यंत काही आलंच नव्हतं. हे खरंही होतं. एवढी वर्षं मागं राहिलेलं काहीतरी त्यानं सुटलं असतं, असं मला वाटलं आणि मी डबा जपून धरला.

दुपारी सगळे हॉटेलात जेवायला बसलो. मेहुण्यांनी मुलीला तिथंच फेटा बांधला. वेटर थाळ्या हातात धरून थांबले. वहिनींनी नारळानं ओटी भरली आणि मग माझ्याकडून डबा मागून घेतला.

"घे माय. तुजा अभ्यास. एक बी कागद टाकला न्हाई म्या. तू डाक्टर झाल्यावर द्यायचं ठरीवलं होतं."

मुलीनं डबा उघडला. वरची घडी उचलली, हळद बोटाला लागली तिच्या. उलट्या बाजूला काय आहे हे तिला बघावं लागलं नाही. फेटा बांधलेला असल्यामुळं तिचा चेहरा मोठा आणि ताठ दिसत होता. ती मामीकडं बघत राहिली, मग मामांकडं. मामा पापड मोडत होते. तिला सगळं कळलं असावं. ती हसली, आवाज न करता, बराच वेळ.

"मामी, हे पूजलं तुम्ही?"

"मग! दर दसऱ्याला. तुज्या पुस्तकांची पूजा कोण करणार तितं हॉस्टेलात?"

"काय आहे त्यात?" बायकोनं हात पुढं केला. मुलीनं तिला एक चिठ्ठी दिली, उलटी करून. बायकोनं वाचली आणि पुन्हा वाचली.

मुलगी माझ्याकडं वळली. "पप्पा, तुम्ही वाचल्या?"

"आज."

"आज." ती म्हणाली. "तेव्हा वाचल्या असत्या, तर नेलं असतं मला?"

हाच प्रश्न येणार हे मला मांडवातच कळलं होतं आणि उत्तर तयार होतं. नेलं असतं, लगेच, त्याच दिवशी, गादी स्वतः उचलून. ते उत्तर मी तोंडापर्यंत आणलं. मग मला तो चौक आठवला आणि कॉम्प्युटरवर भरलेले गाल. तिला न्यायला चिठ्ठीची गरज नव्हती. मी महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसत होतो. मला दिसत होतं, आणि दर वेळी परत येताना मी बायकोला सांगत होतो, अजून थोडेच महिने.

"नाही," मी म्हणालो. "नसतं नेलं. थोडे दिवस काढ म्हणालो असतो."

ती मान हलवून म्हणाली, "मला तेच वाटायचं." आवाजात राग नव्हता. तपासणीचा निकाल अपेक्षेप्रमाणं आल्यावर डॉक्टर मान हलवतात, तशी. तिनं चिठ्ठ्या परत डब्यात घातल्या, झाकण दाबून बसवलं आणि मामीला म्हणाली, "लई जपला हो मामी तुम्ही माझा अभ्यास." मग तिनं मामीच्या ताटातली भाजी चाखून बघितली आणि तुमच्यासारखी नाही म्हणाली. वहिनींना फार बरं वाटलं.

तिला संध्याकाळी ड्यूटी होती. नांदेडला कधी येतेस, असं मी विचारलं नाही. फेटा तिनं रिक्षात बसताना उतरवून मामांना परत दिला, घडी न मोडता.

परतीच्या वाटेवर पाठीमागं मेहुणे आणि वहिनी समारंभ पुन्हा पुन्हा सांगत होते. गदेवाल्याला वहिनी मंत्री समजल्या होत्या. बायको पुण्यापासून गप्प होती. माझ्याशी ती अजूनही त्या विषयावर बोललेली नाही, आणि दुसरा विषय आम्हांला सापडलेला नाही.

चाकूरच्या फाट्यावर वहिनी उतरल्या आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. "दाजी, आता आमच्या नातीचा नंबर. पुढच्या साली लातूरला टाकायची. कोणता क्लास बरा?"

मी क्लासचं नाव सांगितलं. सवयीनं, ताबडतोब, प्रवेश कधी सुरू होतात त्यासकट.

"डब्याचं टेन्शन न्हाई," त्या म्हणाल्या. "डबा हाय माज्याकडं."

तेव्हा बायको पुण्यानंतर पहिल्यांदा बोलली. "वहिनी, तिच्या डब्यात कागद आला, तर दादाला वाचायला लावा. त्याच दिवशी."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं माय, त्यास्नी अभ्यासातलं काय कळतंय? म्या ठिवीन की नीट. देवापाशी."