शेवटचं ताट

सिंदी मेघेतली आमच्या शेजारची सून काहीही सांगितलं की शेवटी "मंग काय तं" जोडते. घरातली माणसं जेवली, की उरलेलं पातळ वरण ती ओट्याशी उभ्यानंच पोळीला लावून खायची. तपासणीत तिचं रक्त कमी निघालं, तेव्हा सासूनं मायेनं ताकदीच्या गोळ्या आणल्या.

काल मी विरजण मागायला गेले, तर ही सगळ्यांच्या आधी मांडी घालून बसलेली. पळी तळापर्यंत घालून घट्ट वरण वाढून घेत होती. सासरा आणि नवरा हात धुऊन उभे होते.

"माणसं जेवाची हायेत ना अजून," सासू म्हणाली. "अन् गोळी घेतली का?"

तिनं शांतपणे घास गिळला.

"जो शेवटी जेवते, गोळ्या त्याले द्या. मी जेवून राह्यली, मंग काय तं."