सातव्या वळणाचा कठडा

रस्ता विचारायला कॉफीघरासमोर गाडी थांबली की प्रोकोपिसबार्बा आधी चाकांकडे बघायचे, मग माणसांकडे.

कॉफी बिनसाखरेची. कपातला उरलेला गाळ दारातल्या तुळशीच्या कुंडीत. खुर्ची कायम खाडीच्या रस्त्याच्या फाट्याकडे तोंड करून. तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं दिसलं तर ते काही न बोलता शेजारी उभे राहत, आणि बसलेला माणूस दोन मिनिटांत उठे. चालताना रस्त्यातला सुटा दगड बुटाच्या टोकाने कडेला सारत. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जाई, ब्रेक तिथेच असल्यासारखा.

आणि 'मला माहीत नाही' हे शब्द मिर्तोने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

मिर्तो कॉफीघराच्या मालकिणीची मुलगी. पात्रा शहरातल्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन आली होती. पदवी आतल्या खोलीत भिंतीवर, आणि ती बाहेर कप विसळत. गावात तिच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं. त्यामुळे तिची मैत्री झाली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बार्बांशी. बार्बा म्हणजे काका. ती त्यांना पेपर वाचून दाखवायची. ते तिला रस्त्याबद्दल सांगायचे.

रस्ता म्हणजे वाथीचा रस्ता. मावरोलिथी हे त्यांचं गाव मानी भागातल्या डोंगरावर, अर्ध्या उंचीवर. खाली वाथीची खाडी. मध्ये नुसता कडा आणि ऑलिव्हच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. बार्बांचे वडील खाडीवर मासेमारी करताना छातीत कळ येऊन कोसळले, तेव्हा चौघांनी त्यांना दाराच्या फळीवर निजवून खेचरांच्या वाटेने वर आणलं. वर पोचले तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता; नुसतं दारच उचलून आणल्यासारखं झालं होतं. त्यानंतर सहा वर्षांनी बार्बा पंचायतीच्या बुलडोझरवर लागले आणि दोन हिवाळ्यांत त्यांनी डोंगर कापला. अकरा वळणं. प्रत्येकाला त्यांनीच नाव ठेवलं. चौथं अंजीर, पाचवं खेचर. सातव्याचं नाव सासू, कारण ते पहिल्या फटक्यात कोणाला घरात घेत नाही. थोडं मागे येऊन पुन्हा वळावं लागतं.

"प्रोकोपी, तुझ्या रस्त्यावरून माझी बकरीसुद्धा देवाचं नाव घेत उतरते," शेजारच्या टेबलावरून लिनार्दोस म्हणायचा. त्याच्या शंभर बकऱ्या होत्या आणि एक खोकला होता.

"बकरीला विचारून नव्हता बांधला मी."

"कठडा तरी घालायचास."

"कठडा घाबरणाऱ्यांसाठी असतो. छत्तीस वर्षांत माझ्या रस्त्याने एकाला तरी खाली टाकलंय का? सांग ना. एकाला?"

लिनार्दोस खोकायचा. खरंच एकालाही टाकलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात भाड्याच्या गाड्या खूप आल्या. त्यातली एक पांढरी, लहान. तिच्यात बेल्जियमचं एक जोडपं, वाउटर आणि एल्के. पलीकडच्या गावात खोली घेऊन राहिले होते. पहिल्या दिवशी डोंगरातला झरा शोधताना ते फाट्यावर चुकून आले, मोबाइलमधल्या नकाशाने त्यांना कोणाच्या तरी खळ्यात नेऊन सोडलं होतं. बार्बांनी हातवारे करून झऱ्याची वाट दाखवली. संध्याकाळी ती दोघं टोपीभर अंजिरं घेऊन परत आली, झरा सापडला म्हणून. एल्के एवढं हसत होती की मिर्तोच्या आईने त्यांना कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती दोघं भांडत आली. टायर पंक्चर. वाउटरला जॅक कुठे लावायचा कळत नव्हतं, आणि एल्के गाडीच्या कागदांतून सूचना मोठ्याने वाचत होती. बार्बांनी त्याच्या हातातून जॅक घेतला. सात मिनिटं लागली.

"हिला सांग," बार्बा मिर्तोला म्हणाले, "नवरा वाईट नाही. फक्त शहरातला आहे."

मिर्तोने इंग्रजीत सांगितलं. एल्के परत हसली. वाउटरही हसला, जरा उशिरा.

सहाव्या दिवशी ती दोघं वाथीचा रस्ता विचारायला आली. एल्के चित्रं काढायची. वरून दिसणारं ते हिरवं पाणी तिला जवळून बघायचं होतं. नकाशात रस्ता होता, पण दोऱ्यासारखा बारीक. म्हणून विचारायला थांबले.

"त्यांना विचारायचंय, या गाडीने खाली जाता येईल का," मिर्तो म्हणाली.

बार्बांनी चाकांकडे पाहिलं. मग माणसांकडे.

"सांग, चांगला रस्ता आहे. मी स्वतः बांधलाय. सातव्या वळणाला, सासूपाशी, थोडं मागे यायचं, बस."

मिर्तोने सांगितलं. शब्दाला शब्द. बार्बांची छाती जरा पुढे आली होती, तीही तिच्या आवाजात उतरली असावी. लिनार्दोस शेजारच्या टेबलावर होता. त्याने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला. मिर्तोला हे नंतर आठवलं.

दोन तासांनी वाउटर चढण चढून पायी आला. एका पायात बूट नव्हता. तो काय बोलतोय ते मिर्तोलाही कळेना, कारण तो स्वतःच्या भाषेत बोलत होता.

सासूपाशी त्याने गाडी मागे घेतली होती. बार्बांनी सांगितलं होतं तसंच. मागचं चाक जिथे टेकलं तिथे वरून माती दिसत होती, पण खाली काही नव्हतं. गाडी दोन पायऱ्या खाली ऑलिव्हच्या शेतात जाऊन पडली. तो कसाबसा बाहेर निघाला; एल्के आतच अडकली होती.

तिला कालामाता शहरातल्या इस्पितळात नेलं. पाठीचं हाड. जगेल म्हणाले. चालेल का, यावर कोणी काही म्हणाले नाही.

पोलीस चौकीतला सोतिरिस कागद घेऊन आला. कॉफीघरात आठ माणसं होती. तो म्हणाला, भाड्याच्या करारात कच्चा रस्ता चालत नाही असं लिहिलंय, सही आहे, म्हणजे चूक चालवणाऱ्याची. तो गेला.

दुसऱ्या दिवशी बार्बा ठेवणीतला कोट घालून आले. "मला चौकीत ने," ते मिर्तोला म्हणाले. तिने आईची पिकअप काढली. वाटेत त्यांचा उजवा पाय सतत दाबला जात होता.

"मीही येते आत," ती म्हणाली. "बोलले तर मीच होते त्यांच्याशी."

"तू माझे शब्द पोचवलेस. टपालवाल्याला कोणी धरत नाही."

सोतिरिसने ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"बार्बा, रस्ता सांगणं हा गुन्हा असता तर अख्खं मानी आत असतं. घरी जा."

"तू लिहून घे."

"कुठे लिहू? या कागदावर त्याला जागाच नाही. बघा तुम्हीच."

बार्बांनी खरंच कागद हातात घेऊन पाहिला. चष्मा नव्हता, तरी पाहिला.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा ट्रक आला. फाट्यापासून पन्नास पावलांवर सिमेंटचे तीन ठोकळे टाकले, लाल पाटी लावली. वाथीचा रस्ता बंद. बार्बा त्या दिवशी खुर्चीत बसले, पण पाठ फाट्याकडे करून.

वाउटर एकदाच परत आला. टॅक्सीने. दाढी वाढली होती. एल्केची चित्रांची वही गाडीतून मिळाली का, हे विचारायला. वही लिनार्दोसला सापडली होती. मिर्तोने ती पुसून कपाटात ठेवली होती. वाउटरने ती उघडली नाही. बार्बांच्या समोर बसला आणि मिर्तोकडे बघून एक प्रश्न विचारला.

मिर्तो फडक्याला हात पुसत राहिली.

"काय म्हणतोय?" बार्बांनी विचारलं.

"विचारतोय, तुम्ही स्वतः त्या रस्त्याने शेवटचे कधी गेला होतात?"

बार्बांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोठे हात, बोटं वाकडी. ते जे सांगतील ते आणि वाउटरला जे ऐकू जाईल ते, यांच्यामध्ये फक्त आपण आहोत, हे मिर्तोला त्या क्षणी फार स्वच्छ दिसलं. ती काहीही सांगू शकली असती. गेल्या महिन्यात. परवाच.

"दोन वर्षं झाली," बार्बा म्हणाले. "गुडघा चालत नाही."

"बार्बा..."

"जसं आहे तसं सांग. त्या दिवशी सांगितलंस तसं."

तिने सांगितलं. वाउटरने मान हलवली. ओरडला नाही. तो बोलला ते मिर्तोने खाली बघत पोचवलं.

"तो म्हणतो, एल्केने वाटेत तीनदा विचारलं, परत फिरू या का. तिन्ही वेळा तो म्हणाला, ज्याने बांधला तोच सांगतोय ना."

टॅक्सी गेली. मग लिनार्दोस खोकला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मार्चच्या पावसात सासूची कड खालून गेली. बकऱ्या तिथून आतल्या बाजूने जातात. मी पाहिलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या रस्त्याबद्दल? परक्या माणसांसमोर? तुझ्या तोंडावर?"

बार्बांनी त्याच्याकडे पाहिलं. मिर्तोला वाटलं, आता टेबल उलटणार.

"तुझ्या जागी मीही नसतो बोललो," ते म्हणाले, आणि उठून घरी गेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ते सिमेंटच्या ठोकळ्यांना वळसा घालून रस्त्यावर उतरले. गाढवावर हातोडा, छिन्नी, दोरी. गुडघ्याला लोकरी पट्टा. सासूपाशी त्यांनी आधी खचलेली कड खालून दगडांनी भरून काढली. त्यातच नोव्हेंबर गेला. त्यांची ऑलिव्हं त्या वर्षी चुलतभावांनी झोडली. मग कठडा सुरू केला. सुका, सिमेंट न घालता, जुन्या पद्धतीचा. वळणाच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे.

गावाला विषयच मिळाला.

"बंद रस्त्याला कठडा? मग समुद्रालाही एक घाल की!"

"प्रोकोपी, तू तर म्हणायचास कठडा घाबरणाऱ्यांसाठी."

"हो," बार्बा म्हणाले. "मी घाबरलोय."

जानेवारीपासून लिनार्दोस बकऱ्या चारता चारता बरे दगड दिसले की वळणापाशी आणून टाकू लागला. थांबायचा नाही. टाकून जायचा.

डिसेंबरात वाउटरचं पत्र आलं होतं, मिर्तोच्या नावाने. एल्के दोन कठड्यांना धरून उभी राहते, असं त्यात होतं. इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीत तसे कठडे असतात म्हणे. तीन पावलं टाकते. मिर्तोने पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"उत्तर लिहू या ना, बार्बा. मी लिहिते. काय सांगायचं ते सांगा."

"आता नाही."

"का?"

"रिकाम्या हाताने काय लिहायचं? माफ करा? ते कोणीही लिहील." त्यांनी कपातला गाळ तुळशीत ओतला. "पत्रात एकच वाक्य घालायचं. रस्ता चांगला आहे, मी काल पायी जाऊन पाहिला. ते खरं झालं की लिहू."

"कधी होईल?"

ते विचारात पडले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं.

"माहीत नाही," म्हणाले.

मिर्तोने हातातला कप खाली ठेवला. तिला वाटलं, आता त्यांच्याकडे कोणीतरी लक्ष द्यायला हवं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी लिनार्दोस धावत वर आला. तो माणूस कधी धावलेला कोणी पाहिला नव्हता. दारात उभा राहून खोकत राहिला आणि मग नुसतं म्हणाला, "प्रोकोपी बसलाय. कठड्याला टेकून बसलाय. उठत नाही."

मिर्तो कप विसळत होती. तिने तो पूर्ण विसळला, पुसला, फळीवर उलटा ठेवला. मग एप्रन काढला.

त्यांना वर आणायला रस्ता होता. सिमेंटचा एक ठोकळा बाजूला सारावा लागला, एवढंच. पिकअप आईने चालवली. सातव्या वळणावर ती थोडी मागे आली, पुन्हा वळली. मिर्तो मागे बार्बांजवळ बसली होती. तिचा उजवा पाय दाबला गेला.

तिसऱ्या दिवशी, त्यांना पुरून झाल्यावर, ती एकटी खाली गेली.

कठडा दोन्ही बाजूंनी कमरेएवढा उभा होता. दगड असे बसले होते की फटीत सुरीचं पातं गेलं नसतं. मध्ये जागा मोकळी होती, गाडीच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त. त्या मोकळ्या जागेवर दोरी ताणलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उंचीची खूण म्हणून. खाली पुढच्या थरासाठी निवडलेले दगड ओळीत मांडलेले होते. प्रत्येकावर खडूने आकडा, एक ते एकोणीस. एक आणि दोन बसवून झाले होते. तीन नंबर जागेवर आडवा ठेवलेला होता, पण खालची पाचर मारायची राहिली होती. तिने हात लावला तर तो डुगडुगला.